समुद्राचं यंत्र, आमची विहीर

९ एप्रिल. आज विहिरीतला गाळ काढायला लावला आहे. दोन माणसं खाली आहेत, दोन वर दोर ओढत आहेत. मी कठड्यापासून जरा दूर खाट टाकून बसले आहे, कारण मी जवळ बसले की वरची माणसं माझ्याशी बोलत बसतात आणि भरलेलं घमेलं खालच्यांच्या डोक्यावर लोंबकळत राहतं. गाळ नेहमीसारखा काळा निघतो आहे. मध्ये फक्त बोटभर जाडीचा एक पांढुरका थर लागला. खालच्या माणसानं ओरडून विचारलं, "ताई, चुना टाकला होता का इथी?"

"पावडर हाय. काढा," मी म्हटलं.

तो थर तिथं कसा आला ते लिहून ठेवते. गाळ निघेपर्यंत मला दुसरं काम नाही.

माझी मुलगी समुद्रावर काम करते. आमच्या अल्लीपूरपासून समुद्र दोन्ही बाजूंना सारखाच लांब आहे, त्यामुळे गावात कुणाला त्याचं विशेष काही वाटत नाही. ती भौतिकशास्त्र शिकली तेव्हा लोकांना वाटलं मास्तरीण होईल. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संस्थेत लागली तेव्हा वाटलं मासळीचं खातं असेल. मीही बरेच दिवस तसंच सांगत होते, कारण ते लवकर सांगून होतं.

ती जे करते ते असं. पत्र्याच्या ट्रंकेएवढी एक पेटी आहे, तिच्या तळाला काचेचा डोळा. त्यातून हिरव्या लेसरचे अगदी बारीक ठोके खाली पाण्यात जातात. पाण्यात माती, शेवाळ, मासा, जे काही असेल त्यावर आपटून थोडासा उजेड परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून ती वस्तू किती खोल आहे हे कळतं, आणि किती उजेड आला त्यावरून किती आहे हे कळतं. शिवाय हिरवा उजेड जिवंत शेवाळावर पडला की ते शेवाळ किंचित लाल उजेड सोडतं. आपल्याला तो दिसत नाही. पेटीत त्याच्यापुरता वेगळा डोळा बसवला आहे. समुद्रात मासे जे खातात ते शेवटी अशाच बारीक हिरव्यावर येऊन थांबतं, म्हणून ते कुठं आहे, किती खोल आहे आणि कधी फार माजलं आहे हे बघत राहावं लागतं. ही पेटी जहाजाला खाली तोंड करून टांगली की जहाज न थांबता बघत जाते. पाण्यात काही बुडवावं लागत नाही.

ही पेटी मुलीनं स्वतः बनवली होती. नोकरी लागल्यापासून तिचं तेच चाललं होतं. मागच्या हिवाळ्यात संस्थेचं जहाज समुद्रात जाणार होतं आणि अशा एकाच यंत्राला त्यावर जागा होती. संस्थेनं बाहेरून विकत आणलेलं एक तयार यंत्रही होतं. दोन्हींपैकी कुठलं जाणार हे तिचे सर ठरवणार होते. मुलीची पेटी गेली नाही तर ती कपाटात जाणार आणि मुलगी विकतच्या यंत्राची बटणं दाबायला जाणार. हे तिनं मला फोनवर एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "आई, आपली विहीर अजून हिरवी आहे का?"

"हाय. दिवाळीआधी साफ करीन."

"करू नकोस! हात लावू नकोस तिला."

समुद्रात लाटा असतात, जहाज डोलतं. यंत्रानं जे दाखवलं ते पाण्यात खरंच होतं का, हे बघायला बाटली सोडावी तर तोवर ते पाणी पुढं निघून गेलेलं असतं. संस्थेतली टाकी कमरेएवढी. तिला खोल, स्थिर, हिरवं पाणी पाहिजे होतं, जे सकाळी ठेवलं तिथंच संध्याकाळी सापडेल. बोअर झाल्यापासून आम्ही विहिरीचं पाणी कमीच उपसत होतो. त्या पावसाळ्यानंतर तिच्यावर असा हिरवा रंग चढला होता की बादली सोडली तर बादली दिसेनाशी व्हायची.

मुलगी नोव्हेंबरात आली. वर्ध्याला उतरली तेव्हा खालचा बर्थ पेटीला दिला होता आणि ही वर झोपून आली होती. ऑटोतही पेटी सीटवर आणि ही खाली पाय दुमडून. माझ्याही शिलाई मशीनला मी एकदा असंच आणलं होतं.

विहिरीवर मोटेच्या काळातला लाकडी सांगाडा होता, तो सडल्यावर आम्ही लोखंडी गर्डर टाकला. त्या गर्डरला पेटी टांगली, उन्हासाठी वरून ताडपत्री बांधली आणि कठड्याला लाल कापड लावलं. पेटी चालू असताना कुणी विहिरीत वाकून पाहायचं नाही, डोळ्याला इजा होते, असं मुलीनं सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे मी आणि माझी मोठी जाऊ.

जावेचं घर आमच्या घराला लागून आहे. भावाभावांत शेत वाटलं गेलं, विहीर वाटता येईना म्हणून सामाईक राहिली. त्यामुळे विहिरीवर काही चाललं असेल तर तिथं उभं राहायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तो ती वापरते.

"हे काय टांगून राह्यली वं?" तिनं मुलीला विचारलं.

"लेसर आहे, मोठी माय."

"वरातीतलं? डीजेवालं?"

"तसंच, पण खाली जाणारं."

"खाली कोन नाचते?"

"मासे," मुलगी म्हणाली.

माझा नवरा पुलगावला लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला आहे, रविवारी घरी येतो. लेसरचं ऐकून त्याचा फोन आला. "ते वर तोंड करून लावू नका. मले अजून रिटायर व्हायले टाइम हाय." मी सांगितलं की ते विहिरीत तोंड घालून आहे. "मंग ठीक हाय," म्हणाला आणि कापसाचा भाव विचारून फोन ठेवला.

पहिले काही दिवस चांगले गेले. पेटीनं विहिरीचा तळ बरोबर दाखवला. तिनं दोर सोडून मोजला होता, दोन्ही जुळलं. हिरवं कुठं दाट आणि कुठं विरळ तेही दाखवलं. ते ताडून बघायला वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं होतं. ते काम माझ्याकडे. दोराला वजन, वजनाला बाटली, बाटलीच्या बुचाला दुसरी सुतळी. ठरल्या खोलीला सुतळीला हिसका द्यायचा, बूच निघतं, बाटली भरते. भरलेल्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी उभ्या राहिल्या. बाटलीवर तारीख, वेळ, खोली. दह्यावर मी "दही" असं लिहून चिकटवलं, कारण मुलगी कामाच्या भरात काय उचलेल सांगता येत नाही.

लॅपटॉपवर पेटीचं चित्र यायचं. डावीकडे पांढरा पट्टा, म्हणजे आपटून परत आलेला उजेड. उजवीकडे लाल पट्टा, म्हणजे जिवंत हिरव्याचा उजेड. मधूनच पांढऱ्या पट्ट्यावर एखादा ठळक ठिपका येऊन जायचा. तो मासा. भासऱ्यांनी, म्हणजे जावेच्या नवऱ्यानं, केव्हातरी धरणावरून आणून सोडलेले मासे विहिरीत होते. किती, यावर जाऊ आणि मुलगी यांची रोज बोलाचाली व्हायची.

"सात तं नक्की हायेत," जाऊ म्हणायची.

"एकच मासा सात वेळा जाऊ शकतो, मोठी माय."

"मंग तुह्यं यंत्र कायले पाह्यजे? तेवढं तं मलेबी सांगता येते."

मग सरांचा फोन आला. मुलीनं स्पीकरवर ठेवला, म्हणून मीही ऐकला. सरांचं बोलणं हळू आणि स्वच्छ होतं. तळ दाखवला, छान. मासा दाखवला, छान. पण किनाऱ्याजवळ नद्या गाळ आणतात. गढूळ पाण्यातही पांढरा पट्टा उजळतो. "तुझी पेटी निर्जीव गढूळपणा आणि जिवंत हिरवं यांत फरक करते, हे मला दाखव. कागदावर नको, पाण्यात दाखव." ते नागपूरला एका कामासाठी येणार होते. परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा होता. अल्लीपूरला येऊन स्वतः बघणार होते.

मुलीनं बेत केला. सर आले की त्यांच्यासमोर शेतातली काळी माती बादलीत कालवून विहिरीत ओतायची. पांढरा पट्टा उजळेल, लाल तसाच राहील. तेवढ्यानं सरांचं समाधान होईल का याची तिला खात्री नव्हती. हिरवं तिथं आधीपासून आहेच, त्यामुळे फरक पुसट येईल, असं ती जेवताना दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला म्हटलं, पुसट तं पुसट, पोळी खा.

सर येणार हे जावेला कळलं. मीच सांगितलं. स्वयंपाकाला दोघी लागणार होतो.

"कोठचे हायेत?" तिनं विचारलं.

"समुद्राकडचे."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. तिला त्यावरून काही कळलं नाही, मलाही नाही. मग ती म्हणाली, "पानी आपल्या इहिरीचंच देऊ ना?"

"देऊ," मी म्हटलं, कारण त्या वेळी मी डाळ मोजत होते.

इथं सासऱ्यांचं सांगितलं पाहिजे. गावच्या मोठ्या विहिरीवर आमच्या माणसांना चढता येत नव्हतं. सासऱ्यांनी दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आणि त्यांच्या भावांनी ही विहीर खणली. सुरुंगाला पैसे नव्हते, पहारीनं खणली. तेव्हापासून घरात एक पद्धत पडली. बाहेरचा कुणी आला की त्याच्यासमोर विहिरीचं पाणी काढायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. प्यायला तर जेवायला बसवायचं. नाही प्यायला तरी खाटेवर बसवायचं, चहा विचारायचा नाही. आणि पाहुणा येणार असं आधी कळलं, तर विहिरीत पावडर टाकायची, म्हणजे पाण्याला नाव ठेवायला कुणाला जागा राहू नये. ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत पावसाळ्यात टाकते तीच. सासरे गेले, नळ आला, बोअर झालं, गावातले लोक येऊन जेवून जायला लागले. पावडरची पिशवी मात्र जावेच्या माळ्यावर कायम आहे. संपली की ती दुसरी आणते.

हे मला माहीत होतं. पण घरातली पद्धत आणि लेसर यांचा एकत्र विचार मी केला नव्हता. कुणी केला असता असं वाटत नाही.

सर येणार त्याच्या आदल्या दुपारी पेटीची बॅटरी टिकेना. मुलगी आणि मी नवी बॅटरी आणायला हिंगणघाटला गेलो. जुनीवर संध्याकाळपर्यंत काम निघेल म्हणून पेटी चालूच ठेवली होती. बॅटरीवाल्यानं आधी चहा पाजला, मग दुकानात नसलेली बॅटरी भावाच्या दुकानातून मागवली. परत आलो तेव्हा दिवस कलला होता. फाटकातून आत आल्याबरोबर वास आला. सरकारी दवाखान्याच्या फरशीला येतो तो.

मुलगी बॅटरी खाली ठेवून विहिरीकडे धावली. ताडपत्रीची एक बाजू वर दुमडलेली होती. कठड्यावर पांढरी पूड सांडलेली. लाल कापड व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलं होतं.

जाऊ तिच्या ओट्यावर भाजी निवडत होती. मुलीनं विचारलं, "मोठी माय, विहिरीत काय टाकलं?"

"पावडर. उद्या पाहुने येऊन राह्यले ना."

"कधी?"

"तुमी गेल्यावर. काऊन?"

मुलीच्या आधी मीच बोलले. "यंत्र चालू असताना तुम्ही ताडपत्री उचलली? तिनं आत पाह्यचं नाई म्हनून सांगतलं होतं ना?"

"मी कुठी पाह्यलं? डोये मिटून टाकली."

"मोठी माय," मुलगी म्हणाली, "सर ते हिरवं पाणीच बघायला येत होते."

"हिरवं पानी पाह्यला कोन येते वं बाई एवढ्या दूरून?"

"माझे सर येतात!"

"येतीन. पर आले म्हंजे प्यायले तं मांगतीन ना? मंग काय हिरवं देऊ? तुह्या आजोबाच्या इहिरीचं? म्हनतीन, पाह्य, अशा हायेत ह्यांच्या इहिरी."

जावेनं परत भाजी निवडायला घेतली, पण काड्या आणि पानं एकाच टोपलीत पडायला लागली होती.

तेवढ्यात विहिरीत पाणी वाजलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मुलीनं पेटी बंद केली. मी दोराला टोपली बांधली आणि आम्ही तिघींनी मिळून अंधार पडेपर्यंत मासे काढून गुरांच्या हौदात टाकले. सहा निघाले. त्यांतले दोन हौदात गेल्यावर उलटे झाले. जाऊ म्हणाली, "सातवा कुठी गेला?" मुलगी म्हणाली, सातवा नव्हताच. एवढं बोलणं झालं म्हणजे रडारड होणार नाही, असं मी धरलं आणि स्वयंपाकाला लागले.

जेवताना मी तिला विचारलं, "पेटी चालू होती ना तवा?"

"होती."

"मंग त्यानं काय पाह्यलं ते पाह्य."

"काय बघायचं? सगळं मेलं ते," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून झोपायला गेली.

सकाळी मी चुलीवर पाणी ठेवायला उठले तर ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. चित्र मागे न्यायची, पुढे आणायची. मी विचारलं, काय आहे?

"माहीत नाही. सरांना दाखवते."

"चांगलं की वाईट?"

"आई, माहीत नाही म्हटलं ना."

सर दुपारी आले. साठीच्या आतबाहेरचा, बारीक, टोपी घातलेला माणूस. पायात सँडल. जावेनं त्यांना "जयभीम" घातला. ते एक क्षण थांबले, मग त्यांनी तोच शब्द परत दिला, जरा जास्त स्पष्ट. जावेनं त्यांना विहिरीजवळच्या खाटेवर बसवलं, त्यांच्यासमोर बादली सोडली, वरचंच पाणी काढलं, स्टीलच्या गडव्यात ओतलं आणि हातात दिलं. पाणी रात्रीतून निवळलं होतं. दिसायला काचेसारखं होतं. वास मात्र मला चार हातांवरून येत होता.

मुलगी "सर" म्हणून पुढं झाली. मी तिचा हात धरला.

सरांनी गडवा नाकाजवळ नेला. रसायनांत आयुष्य गेलेला माणूस. काय हातात आहे हे त्यांना नक्की कळलं. त्यांनी जावेकडे बघितलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी गडवा तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"पाणी चांगलं आहे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते पावडरचं.

"आनखी देऊ?" जावेनं विचारलं.

"आता पुरे. आधी काम."

जाऊ आत गेली आणि पुरणाचा कुकर लावल्याचा आवाज आला. पुरण आमचं ठरलेलं नव्हतं.

मग मुलीनं सांगितलं. विहीर हिरवी होती, आता नाही, काल दुपारी ब्लीचिंग पावडर पडली, यंत्र चालू होतं. कुणी टाकली हे तिनं सांगितलं नाही. सरांनी विहिरीकडे बघितलं, रिकाम्या गडव्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

चित्र मलाही दिसत होतं. दुपारपर्यंत दोन्ही पट्टे होते, पांढरा आणि लाल, आदल्या दिवसांसारखेच. मग एका ठिकाणी पांढरा एकदम भडकला. ती पावडर पडली ती वेळ. आणि तिथून लाल पट्टा वरून विझायला लागला. आधी पृष्ठभागाजवळचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा, उताराच्या रेघेसारखा. शेवटी उजवीकडे काहीच उरलं नाही. डावीकडचा पांढरा पट्टा मात्र तसाच होता. मेलेलं शेवाळ पाण्यातच होतं, उजेड परत पाठवत होतं, फक्त लाल सोडत नव्हतं. आम्ही पेटी बंद केली तेव्हा तो पांढरा पट्टा नुकताच खाली बसायला लागला होता.

सरांनी चित्र एकदा मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "तेच पाणी. तेच शेवाळ. आधी जिवंत, मग मेलेलं."

"हो, सर."

"आधीच्या पाण्याच्या बाटल्या आहेत?"

"फ्रिजमध्ये," मी म्हटलं. आणून दिल्या. त्यांनी एकेक उन्हात धरून बघितली. नंतरचं पाणी मुलीनं सकाळीच काढून ठेवलं होतं.

"हा प्रयोग कुणी आखला?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात जाऊ दारात आली, पदराला हात पुसत.

"आखला कायचा?" ती म्हणाली. "पाहुने आले का आमी टाकतोच."

सर हसले नाहीत. मला ते आवडलं. ते मुलीला म्हणाले, माती कालवून तू जे दाखवणार होतीस त्यात मी दहा शंका काढल्या असत्या, तशी तयारीही करून आलो होतो. यातही काढीन. एक विहीर, एकदा, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. किनाऱ्याला परत गेल्यावर टाकीत हे पुन्हा करावं लागेल. आणि पुन्हा करायचं तर प्रमाण पाहिजे. "पावडर किती टाकली?"

सगळ्यांनी जावेकडे बघितलं.

"अंदाजानं," ती म्हणाली.

"अंदाज म्हणजे किती?"

"लागते तितकी."

"मोठी माय, कशानं टाकली? वाटीनं? डब्यानं?"

"घमेल्यानं. पुरं भरून नाई. जरा कमी."

"तो आकडा मला पाठव," सर मुलीला म्हणाले. "जहाजाच्या यादीवर मला परवा सही करायची आहे. आकडा आला तर तुझी पेटी लिहीन. प्रमाणाशिवाय हे कुणाला दाखवता येणार नाही, मी सही करू शकणार नाही." मग टोपी काढून त्यांनी जावेला विचारलं, "जेवायला वाढताय ना?"

ते चांगले जेवले. पुरणपोळीवर तूप दुसऱ्यांदा मागून घेतलं. निघताना जावेनं रिकामी झालेली त्यांची पाण्याची बाटली विहिरीच्या पाण्यानं भरून दिली. ती त्यांनी पिशवीत ठेवली. स्टेशनवर गेल्यावर तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर मुलगी जावेच्या ओट्यावर जाऊन बसली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मी भांडी घासत होते. थोड्या वेळानं जावेचा आवाज आला. "मंग सांगाचं ना, हिरवं पानी कामाचं राह्यते म्हनून! मी काय दुश्मन हाव तुही?" आणि मुलीचा, "सांगितलं होतं. चार वेळा." आणि मग जावेचा, "मले वाटलं गंमत करून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापूस तोलायचा काटा ओसरीत लावला. जावेला माळ्यावरची पावडर, तेच घमेलं आणि तीच पिशवी घेऊन यायला सांगितलं. मुलगी पेन घेऊन बसली. मी जावेला म्हटलं, परवा जशी भरली तशी भरा, विचार करू नका. तिनं भरली, आम्ही तोलली. ओतून पुन्हा भरायला लावली. दुसऱ्यांदा वजन बरंच जास्त निघालं. तिसऱ्यांदा पहिल्यापेक्षाही कमी. जाऊ म्हणाली, "तुमी पाहून राह्यल्या म्हनून हात हालून राह्यला. परवा बरोबर टाकली होती." मुलगी म्हणाली, असू दे, तिन्ही लिहिते, इतक्यापासून इतक्यापर्यंत असं पाठवते, खोटं एक लिहिण्यापेक्षा बरं. विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली तिच्याकडे होतीच. तिनं सगळं मोबाईलवर टाइप केलं, वर घमेल्याचा फोटो लावला आणि पाठवलं. आम्ही चहा पीत होतो तेव्हा उत्तर आलं. तिनं वाचून दाखवलं. "चालेल. पेटी नीट बांधून आण. घमेलंही आण."

जावेनं घमेलं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मुलीनं ते पेटीशेजारी ठेवलं आणि गर्डरवरून दोर सोडायला घेतले.

मी मोटर लावली आणि विहिरीचं पाणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सोडलं, जिथं काही पेरलेलं नव्हतं. हौदातल्या चार माशांना शिळी पोळी कुस्करून टाकली. मग ओसरीत राहिलेली पावडरची पिशवी उचलून घरी आणली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.